देव न्यायी आहे ना, मग माझ्या आईच्याच वाट्याला हे का? असं विचारणं पाप आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई जन्मभर उपासनेला गेली, कुणाचं वाकडं केलं नाही आणि आता अंथरुणाला खिळलीये, तिकडे शेजारचा व्याजानं पैसे देऊन लोकांना लुबाडणारा माणूस ठणठणीत, त्यामुळे तुमची प्रार्थनाच होईना झालीये, आणि पाळक साहेब (चर्चचे पास्टर) म्हणतात असल्या शंका सैतान घालतो. मी थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, नगरकडचा साधा चर्चला जाणारा माणूस आहे, पण यातून गेलोय म्हणून लिहितो.

माझी ताई नर्स. 20 वर्षं लोकांचे बेडपॅन काढले, नाइट ड्युटी करून सकाळी तशीच संडेस्कूल घ्यायला जायची, आणि 41व्या वर्षी कॅन्सर निघाला. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक भेटायला यायचे, पुढच्या खोलीत सतरंजी टाकायची, एक गाणं, प्रार्थना, मग चहा. एक दिवस मंडळीतलेच एक वडीलधारे गृहस्थ बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "बाई, मन तपासून बघ, काहीतरी कबूल करायचं राहिलं असेल." ताई काही बोलली नाही. ते गेल्यावर कपबश्या गोळा करता करता मला म्हणाली, "अलीफज येऊन गेला बघ."

मला जोक कळायलाच वेळ लागला, कारण बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, म्हणजे काही चूक नसताना सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट, आम्हाला शिकवलेलं ते पहिले दोन अध्याय आणि शेवटचा, म्हणजे सगळं गेलं तरी धीर धरला आणि दुप्पट मिळालं. मधलं कोणी वाचतच नाही. त्या रात्री मी वाचलं. मधे तो माणूस स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला म्हणतो समोर ये, माझी केस ऐक. आणि त्याचे मित्र अलीफज, बिल्दद, सोफर, हे सात दिवस सात रात्री नुसते जवळ बसले तोपर्यंत बरे होते, तोंड उघडलं आणि घाण केली, कारण ते देवाच्या न्यायाची बाजू मांडत बसले, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही म्हणजे तुझंच काहीतरी असणार. शेवटी 42व्या अध्यायात देव चिडतो कुणावर तर अलीफजवर आणि त्या दोघांवर! म्हणतो तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे भांडणारा पास आणि वकिली करणारे नापास. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे खरं तर. पाप नाही.

पण "का" हे ईयोबालासुद्धा शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, हेही खरं. आणि शेवटी 14,000 मेंढरं आणि परत 10 मुलं मिळाली हे वाचून मला अजून समाधान होत नाही, पहिली 10 मेली ती मेलीच की.

बायबलमधेच लूकच्या 13व्या अध्यायात येशूनं शिलोहाच्या बुरुजाचं काढलंय बघा, तो पडून 18 माणसं मेली, ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, तर नाही म्हणतो. बुरूज का पडला ते सांगत नाही, पण दुःखावरून पापाचा हिशेब करायला नकार देतो. आपल्याकडे मात्र ख्रिस्ती होऊन पिढ्या झाल्या तरी "मागच्या जन्मीचं" जाऊन "गुप्त पाप" आलं, हिशेब तोच राहिला.

पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि 1921 मधे एकुलती एक मुलगी मनोरमा. तेव्हा त्या केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, पुढच्या एप्रिलात स्वतःही गेल्या. म्हणजे ईयोबाचे ते सगळे सवाल त्या बाईनं शब्द शोधून शोधून स्वतःच्या हातानं लिहिले. मला त्यांची श्रद्धा वगैरे मोजता येत नाही, पण हे आठवलं की एकटं वाटत नाही.

प्रार्थना होत नाही म्हणालात, तर बायबलमधलं स्तोत्र 88 वाचा. बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी जरा वर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं. ताईच्या बायबलमधे तिथं केमोच्या तारखांचं कार्ड खूण म्हणून घातलेलं सापडलं, ती गेल्यावर. कित्येक महिने मी तेवढंच वाचायचो, पुढे आमेनपण नाही म्हणायचो.

माझी शंका गेली का? नाही. चर्चला जातो, गातो, न्यायाची ओळ आली की गप्प बसतो, पुढच्या ओळीला परत सुरू. शेजारी बसणाऱ्या काकूंच्या हे लक्षात आलंय, पण त्या काही बोलत नाहीत, बऱ्या आहेत.

आणि आईकडे कोणी "मन तपासा" म्हणायला आलं तर चहा पुढच्या खोलीतच द्या, आत पाठवू नका.