आजवर एकही कॉमिक वाचलेलं नाही, टिनटिन कुठल्या पुस्तकापासून सुरू करू?

क्रमाने वाचू नका. बेल्जियमच्या एर्जे या चित्रकाराने १९२९ साली टिनटिन या तरुण बातमीदाराच्या साहसांची ही मालिका सुरू केली, पण पहिली दोन पुस्तकं कच्ची आहेत. त्यातल्या काँगोच्या पुस्तकातलं आफ्रिकी माणसांचं चित्रण तर आज वाचवत नाही.

सरळ 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' घ्या. जुन्या बाजारात टिनटिन जहाजाची एक छोटी प्रतिकृती विकत घेतो आणि लगेच दोन अनोळखी माणसं ती मिळवायला त्याच्या मागे लागतात. खरी धमाल मात्र टिनटिनचा दर्यावर्दी मित्र कॅप्टन हॅडॉक याची. पूर्वजाची लढाई सांगता सांगता गडी स्वतःच्याच घरात तलवार परजत सुटतो आणि शेवटी त्या पूर्वजाच्याच तसबिरीतून डोकं बाहेर काढतो! ही चित्रं सावकाश बघा. भूतकाळ आणि वर्तमान एकमेकांत कसे मिसळलेत ते कळेल.

गोष्ट मात्र इथे संपत नाही, त्यामुळे 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर' सोबतच आणून ठेवा. बहिरे प्रोफेसर कॅल्क्युलस त्यातच पहिल्यांदा भेटतात.

मग 'टिनटिन इन तिबेट'. माझं सर्वांत आवडतं. वाटेत दिल्लीही लागते, कुतुबमिनार आणि रस्त्यातल्या गाईसकट.