तक्त्यात न धरलेले घरचे श्रम

तुमचा प्रश्न परवा वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कृषी विद्यापीठातली कायम सहायक प्राध्यापकाची नोकरी सोडून, पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन, अमेरिकेत तीन वर्षांच्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर, जावं का, असं विचारलंत. पगार, घरभाडं, विमा यांचा तक्ताही जोडलात. व्हिसाचे कागद, फी, मुदती सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, त्यात मी शिरत नाही. मीही २००९ साली अशीच नोकरी सोडून इथे आले, म्हणून लिहिते आहे.

आपण दोघंही कृषी अर्थशास्त्राचे, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. शेतीचा खर्च मोजायच्या पद्धतींपैकी तुमचा तक्ता ए-२ चा आहे. खिशातून जाणारा पैसा तेवढा मांडलाय. घरच्यांचे श्रम त्यात धरलेच नाहीत, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही धरणारा सी-२ तर लांबच राहिला.

माझा नवरा बँकेत कृषी अधिकारी होता. माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तो एच-४, म्हणजे अवलंबित जोडीदार, म्हणून आला आणि त्याला काम करायची परवानगीच नव्हती. २०१५ मध्ये नियम थोडा सैल झाला. ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झालाय त्यांना काम करता येऊ लागलं. आमचा तो टप्पा २०१६ ला आला. म्हणजे सात वर्षं. त्या वर्षांत माझे शोधनिबंध निघाले, मला कायम पद मिळालं, आणि घर त्याने ओढलं. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा पिकाच्या उत्पादन खर्चात बिनपगारी श्रमांची किंमत धरतं. हा धडा मी दर वर्षी वर्गात शिकवते आणि दर वर्षी फळ्याकडे तोंड करून जरा थांबते.

कामाबद्दल मात्र मनापासून चांगलंच सांगेन. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या ग्राम अभ्यासांची आकडेवारी आली. १९७५ पासूनची, त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, अकोल्यातलं कानझरा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांच्या १९९४ च्या गाजलेल्या निबंधात याच गावांची आकडेवारी आहे. खोलीतले सगळे स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्यापेक्षा तरबेज होते. पण एका कुटुंबाच्या नोंदीत मजुरी शून्य आणि काम भरपूर दिसलं, तेव्हा ते चूक समजून ती ओळ काढायला निघाले. ही सावड असू शकते, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, हे मलाच सुचलं. आर आणि स्टाटासारखी सॉफ्टवेअर इथे येऊन शिकता येतील. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून प्रश्नावली भरल्याचा अनुभव इथे मिळत नाही. तुमच्या क्षेत्र-वह्या बरोबर आणा.

दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. पोस्टडॉकचा पगार प्राध्यापकाच्या अनुदानातून येतो, ते अनुदान किती महिने उरलंय? आणि पुढे काय? अमेरिकी कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन सेवेसारख्या इथल्या केंद्रीय खात्यांतल्या नोकऱ्यांना बहुधा नागरिकत्व लागतं, ती आशा धरू नका. सरकारी जमिनी देणाऱ्या १८६२ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या लँड-ग्रँट विद्यापीठांत संशोधन, अध्यापन आणि विस्तार (शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणं) अशी टक्केवारीने वाटलेली पदं असतात. पगार बहुतेक नऊ महिन्यांचा, उन्हाळ्याचा स्वतः अनुदानातून मिळवायचा.

कागदांचं एकच सांगते, कारण अजून राग जात नाही. पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला गुणपत्रक सीलबंद लिफाफ्यात, थेट विद्यापीठाकडून हवं होतं. माझा भाऊ तीनदा रजा काढून गेला. एकदा कुलसचिव रजेवर, एकदा शिक्का नाही, तिसऱ्यांदा लिफाफा निघाला तो वाटेत फाटला म्हणून परत. शेवटी माझे दहापैकी ७.९ त्यांनी सरळ टक्क्यांसारखे वाचले आणि इथल्या मापाने मला मध्यम ठरवलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामात दिवस जातो.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐका. प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म येतो. मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. त्यावरून सहा वर्षांच्या माझ्या मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतली. तो बुजला, बोललाच नाही. दोन वर्षं त्याला विज्ञानाच्या तासाला उठवून इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात नेत होते. इंग्रजी त्याला येत होतं. हे मराठीमुळे झालं एवढं त्याला कुठून तरी कळलं आणि तो घरी मराठीत उत्तर देईनासा झाला. प्रश्नावलीतला कुठला प्रश्न कशासाठी असतो हे ओळखणं माझा व्यवसाय आहे. पण तो फॉर्म भरला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडेवारी पाठवायची होती, मी विचारलं नाही. तुम्ही खोटं लिहू नका, पण परीक्षा कधी, कशी, तिथून बाहेर पडायची पद्धत काय, हे पहिल्याच दिवशी विचारा.

जावं की नाही हे मी सांगणार नाही. पण राजीनामा लगेच देऊ नका. धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतायचा हक्क, राखून बिनपगारी असाधारण रजा मिळते का, ते आस्थापना शाखेत जाऊन विचारा. माझ्या एका सहकाऱ्याने तशी रजा घेतली, दोन वर्षांनी परतला, आज विभागप्रमुख आहे. तसा अर्ज करता येतो हे मला तेव्हाही माहीत होतं. अर्ज टाइप करून ठेवला होता. मग वाटलं, परत यायचं असं मनात ठेवून गेलं तर तिथे मन लागणार नाही, आणि मी राजीनामाच दिला.