उत्तेजक द्रव्यांतून सावरणाऱ्यांशी बोलताना : नव्या समुपदेशकासाठी

कोकेन किंवा मेथॅम्फेटामाइन सोडून काही आठवडेच झालेल्या माणसाचा चेहरा कोरा दिसला, तर त्याला पश्चात्ताप नाही असा निष्कर्ष काढू नका. नवख्यांची सर्वांत महागडी चूक हीच असते. समोरच्याच्या चेहऱ्यावरील भीती वा दुःख ओळखणे आणि त्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधणे, या दोन्ही क्षमता दीर्घ सेवनाने मंदावू शकतात. झुरिच येथील अभ्यासांत कोकेन घेणाऱ्यांची भावनिक समानुभूती (दुसऱ्याची भावना स्वतःलाही जाणवणे) कमी आढळली, तशीच सेवन घटवलेल्यांमध्ये वर्षभराने ती सुधारलेलीही दिसली.

सुरुवातीला एवढे सांभाळा :

- सूचक बोलणे आणि उपरोध टाळा. ‘मला तुमची काळजी वाटते’ असे स्पष्ट शब्दांत सांगा.
- कुटुंबीयांशी समेटाची बैठक पहिल्याच आठवड्यात ठरवू नका. (घरच्यांना ती लगेच हवी असते, हे मान्य.)
- सतत संशय, भास किंवा आत्महत्येचे विचार जाणवल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना ओळखण्याच्या चाचण्या तूर्त बाजूला ठेवा, कारण झोप सुधारण्यापूर्वी मिळालेल्या गुणांवरून फारसे काही ठरवता येत नाही.