वाचकांचे प्रश्न : चौथ्या खुनाला टाळ्या कशासाठी?

प्रश्न : मा. संपादक महोदय, स. न. वि. वि.

मुलगा आणि सून यांच्या आग्रहाखातर नुकताच विजय नगरमधल्या एका मॉलमध्ये सध्या गाजत असलेला सूडपट पाहिला. ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांचा रसभंग नको, म्हणून नाव लिहीत नाही. कथा थोडक्यात अशी : कुलपे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या एका विधुराची एकुलती एक मुलगी बिल्डरच्या मुलाच्या गाडीखाली येते आणि गाडीतले तिघे तिला रस्त्यावर तशीच टाकून पळून जातात. ठाणेदार तक्रार घेत नाही, पुढे प्रकरण उभे राहते तेव्हा साक्षीदार उलटतो, आरोपी सुटतात, आणि मग हा बाप त्या तिघांना व शेवटी त्यांच्या ड्रायव्हरला एकेक करून संपवतो. चित्रपट मला आवडला. पहिल्या तीन वेळी मीही टाळ्या वाजवल्या, पण ड्रायव्हरच्या वेळी माझे हात उचलले गेले नाहीत. सभागृहात मात्र शिट्ट्यांचा जोर तेवढाच होता. ‘सानंद’ या इथल्या सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांना चिडीचूप बसणारी आपली ओळखीची मंडळीही त्यात होती. मुलाचे म्हणणे, बाबांचे वय झाले. अशा चित्रपटाला दाद देणे गैर आहे का, आणि मला चौथ्याच वेळी का खटकले असावे?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : हा चित्रपट मीही पाहिला आहे. आपण जिथे अडखळलात, नेमकी तिथेच पटकथेने लबाडी केली आहे. त्यात वयाचा काही संबंध नाही.

ड्रायव्हरचा सुरुवातीचा प्रसंग आठवून पाहावा. पहाटेच्या अंधारात तो बादली घेऊन गाडी धुतो आहे, फरशीवरचे पाणी गढूळ होत जाते, आणि पुढच्या जाळीत अडकलेली मुलीची केसांची पिवळी पिन काढून, क्षणभर हातात धरून, तो ती गटारात टाकतो. हे सगळे आपण पाहिले. नायकाने यातले काहीच पाहिलेले नाही, आणि पुढच्या दोन तासांत कोणी त्याला ते सांगतही नाही. शेवटी तो गॅरेजमध्ये ड्रायव्हरला गाठतो तेव्हा ड्रायव्हर म्हणतो की त्याने फक्त गाडी धुतली, काय घडले होते ते त्याला सकाळी कळले. नायक उत्तर न देता शटर खाली ओढतो. पिन आपल्या लक्षात असते, म्हणून ड्रायव्हर खोटे बोलतो आहे याची आपल्याला खात्री असते आणि आपण टाळी देतो. पण ही खात्री आपली आहे, नायकाची नव्हे. तो निव्वळ अंदाजाने माणूस मारतो. अंदाज बरोबर ठरतो, कारण दिग्दर्शकाने तशी तजवीज आधीच करून ठेवलेली असते.

या जातीच्या चित्रपटांची सारी ताकद याच एका सोयीत आहे, असे माझे मत आहे. गुन्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतो, त्यामुळे त्याला साक्षीदार लागत नाही, पंचनामा लागत नाही आणि उलटतपासणीचा तर कंटाळाच येतो. न्यायाधीशाच्या वाट्याला ही सोय कधीच येत नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो तो यासाठी की न्यायालयात बसलेल्या कोणीही तो गुन्हा पाहिलेला नसतो. ती पिन कथेतून काढून टाका आणि गॅरेजचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एक घाबरलेला नोकर, हातात कानस घेतलेला एक दुःखी बाप आणि खाली येणारे शटर एवढेच उरेल. शिवाय ड्रायव्हरने केले ते पुरावा नष्ट करणे; तो गुन्हाच आहे, पण कायद्यात त्याला काही वर्षांची कैद सांगितली आहे, देहदंड नाही. आपले हात थांबले ते बहुधा या विषमतेमुळे.

दाद देणे गैर आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. सूडाच्या कथेला टाळी देणे ही आपल्या रंगभूमीची जुनी सवय आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारलाही तो दिसल्यामुळे १९१० साली नाटकावर बंदी आली. मूळ महाभारतातला तो प्रसंग पटकथालेखकांनी अभ्यासावा असा आहे. द्रौपदी थेट भीमाकडे जात नाही. कीचक तिला भर सभेत लाथ मारतो, ती विराट राजाकडे दाद मागते. कीचक सेनापती आणि राणीचा भाऊ, म्हणून राजा त्याला शासन करू धजत नाही. युधिष्ठिर तिथेच बसलेला असतो, पण अज्ञातवास मोडेल या भयाने तोही तिला परत जायला सांगतो. एवढे झाल्यावर ती रात्री स्वयंपाकघरात जाऊन भीमाला उठवते. एकेक दार तिच्यासमोर बंद होताना आपण पाहिलेले असते, त्यामुळे नाट्यशाळेतल्या अंधारात पुढे जे घडते ते आपल्याला अटळ वाटते.

आपण पाहिलेल्या चित्रपटात ही दारे अशी एकामागून एक बंद होत नाहीत. ठाणेदार तक्रारीचा कागद फाडतो आणि बाप पायऱ्या उतरतो, पार्श्वभूमीला व्हायोलिन. वास्तविक दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे मार्ग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहेत. इंदुरात तर डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. हे सगळे मार्ग वापरून हाती काही लागतेच असे मी म्हणणार नाही; चपला झिजवलेली माणसे आपण सगळेच ओळखतो. पण ते झिजणे पडद्यावर दिसायला हवे होते. त्या चकरांतच खरा थरार होता, आणि लेखकाने तो दोन मिनिटांत उरकून उरलेला वेळ कानशीला धार लावण्यात घालवला.

शेवटी नायकाचा वकील ‘स्वसंरक्षण’ आणि ‘बापाचा संताप’ यांवर जे भाषण ठोकतो, त्यालाही कायद्यात फारसा आधार नाही. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास सवड असेल तर खाजगी संरक्षणाचा हक्क मिळत नाही. संतापाचा बचाव घ्यायचा तर प्रक्षोभ गंभीर आणि अचानक असावा लागतो, आणि तो ओसरायच्या आत कृत्य घडावे लागते. नौदल अधिकारी नानावटी यांचे १९५९ सालचे प्रकरण याचा वस्तुपाठ आहे. पत्नीने दुसऱ्याशी संबंध असल्याचे सांगितल्यावर त्यांनी कुटुंबाला सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले आणि प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. पंच मंडळाने (ज्युरीने) आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले, मुंबईत त्यांच्या बाजूने लोकमत उसळले, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने तर मोहीमच चालवली. तरीही उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधल्या वेळात राग शमायला पुरेशी सवड मिळाली होती, असा त्यामागचा विचार होता. आपला कुलूपवाला तर तीन महिने वही घेऊन बेत आखतो. (पुढे १९६४ साली नानावटींना माफी मिळाली, हेही खरे, टाळ्यांचा जोर कधी कधी सभागृहाबाहेरही चालतो.)

चिरंजीवांना एवढे जरूर सांगावे की मुख्य नटाचे काम उत्तम आहे. पहिल्या तासात त्याचे हात कुलपात जितक्या अलगद फिरतात, तितका संयम नंतर दिग्दर्शकाला पाळता आला असता तर चौथ्या खुनाची गरजच पडली नसती.

प्रश्न : याच चित्रपटातल्या मुलीला नाव आहे की नाही, हेही मला आठवत नाही. ती एकदा हसते, एकदा डबा विसरते आणि मरते. सूडपटात स्त्री नेहमी मरण्यापुरतीच का असते?
— एक विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाव आहे, ते एकदा दवाखान्याच्या कागदावर दिसते. तक्रार पूर्णपणे मान्य. मुलगी आपल्याला माणूस म्हणून कळली असती तर बापाच्या रागाबरोबर तिच्या नसण्याचेही दुःख झाले असते, आणि दुःखात असलेला प्रेक्षक शिट्ट्या वाजवत नाही. तेच निर्मात्याला नको असावे. वर उल्लेखलेल्या कथेत दाद मागणारी, भीमाला उठवणारी आणि कीचकाला नाट्यशाळेत बोलावणारी द्रौपदीच आहे; बेत आणि बळ भीमाचे.

प्रश्न : चित्रपटाला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र आहे. चौदा वर्षांच्या नातवाला नेले तर दारावर अडवतील का?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : कायद्याने अडवता येत नाही. ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ हे तीन टप्पे पालकांच्या माहितीसाठी आहेत; अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना सक्त मनाई असते ती फक्त ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला. निर्णय त्याच्या आईवडिलांनी घ्यायचा आहे. गॅरेजचा प्रसंग मध्यंतरानंतर साधारण तासाभराने येतो आणि त्यात रक्तापेक्षा आवाज जास्त आहेत, एवढी माहिती त्यांना आधी द्यावी.