वेगाचे भाडे कोण भरणार?

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपट किंवा अधिक वेगाच्या, इंजिनांच्या अभ्यासासाठी परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि त्याच क्षेत्रातल्या एका नव्या कंपनीनेही विचारणा केली, हे वाचून तुझ्या आईवडिलांइतकाच आनंद मला झाला. असे विमान उडेल की नाही याची तुला शंका नाही. त्यात कोणाला पैसे मिळतील का, एवढेच तू विचारले आहेस. मी विमाने बनवलेली नाहीत. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे यंत्रांचे भाग कातले आणि रात्री घरी बसून त्यांचे दर काढले, त्यामुळे हे उत्तर दर काढणाऱ्या माणसाचे आहे असे समजून वाच.

प्रथम आपल्या दारापासून हिशेब धर. मागच्या वर्षी मी धाकटीकडे लंडनला गेलो, तेव्हा सांगलीहून मुंबई विमानतळ गाठायला आठ तास लागले, विमानतळावर तीन गेले, प्रत्यक्ष उड्डाण दहा तासांच्या आसपास होते आणि उतरल्यावर घरी पोचेपर्यंत आणखी दोन तास मोडले. एकूण तेवीस. उड्डाणाचे दहा तास चारांवर आणले, तरी सतरा उरतात. (सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची चर्चा मी कामाला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे, तो झाला असता, तर कोणत्याही स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानाशिवाय माझे बरेच तास वाचले असते.) प्रवासी तिकिटाचे पैसे देतो ते या एकूण वेळेतल्या बचतीसाठी, हे कंपन्यांच्या जाहिरातींत दिसत नाही.

आता दुसरा हिशेब, जो तू स्वतः कागदावर करून पाहावास. 7,000 किलोमीटरचे अंतर घे. ताशी 900 किलोमीटरने ते पावणेआठ तासांत कापले जाते; ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे 2,100 किलोमीटरने, तीन तास वीस मिनिटांत; आणि मॅक 5 ला, म्हणजे ध्वनीच्या पाचपट, ताशी सुमारे 5,300 किलोमीटरने, एक तास वीस मिनिटांत. पहिल्या उडीत साडेचार तास वाचले, दुसऱ्या उडीत वेग अडीच पट होऊनही दोनच. त्यातही प्रवाशांच्या पोटातले पाणी हलू नये म्हणून गुरुत्वाच्या एक दशांश इतक्याच त्वरणाने वेग वाढवायचा म्हटले, तर मॅक 5 गाठायला पंचवीस मिनिटे आणि वेग उतरवायलाही तेवढीच लागतात, म्हणजे तो प्रवास पावणेदोन तासांच्या घरात जातो. खर्च मात्र उलट्या दिशेने, दुसऱ्या उडीतच भडकतो. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका परिच्छेदात आहे.

ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलेल्या, ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाची कहाणी तुला ठाऊक आहे, पण ती बहुधा अपघाताच्या बाजूने सांगितली जाते. तू ती खतावणीच्या बाजूने वाच. बोइंग 747 चे पहिले उड्डाण 9 फेब्रुवारी 1969 ला झाले आणि कॉन्कॉर्डचे 2 मार्चला, बरोबर तीन आठवड्यांनी. एकाने आसनांची संख्या वाढवली, दुसऱ्याने वेग. पुढे 747 ची 1,574 विमाने बनली आणि कॉन्कॉर्डची 20, त्यांपैकी प्रवासी सेवेत आली ती 14. कॉन्कॉर्डच्या टाक्यांत सुमारे 95 टन इंधन मावत असे आणि प्रवासी असत शंभर, म्हणजे माणशी जवळजवळ टनभर इंधन घेऊन ते विमान अटलांटिक ओलांडायला निघे. 1973 च्या तेलसंकटाने उरलेसुरले गणितही बिघडवले.

तरीही ब्रिटिश एअरवेजने 1980 च्या दशकात या विमानांवर नफा मिळवला, आणि तो कसा मिळवला हे फार शिकण्यासारखे आहे. विमाने बनवण्याचा प्रचंड खर्च सरकारांनी आधीच सोसलेला होता, त्यामुळे भांडवलाचे ओझे कंपनीच्या वह्यांत जवळपास नव्हतेच. शिवाय त्यांनी प्रवाशांना विचारले, तेव्हा असे दिसले की अनेकांना आपल्या तिकिटाची खरी किंमत माहीतच नव्हती, कारण तिकिटे त्यांचे सचिव काढत, आणि ती आहे त्यापेक्षा जास्त असावी अशी त्यांची समजूत होती. कंपनीने भाडे त्या समजुतीपर्यंत नेले. म्हणजे वेगाला गिऱ्हाईक होते, चांगले पैसेवाले होते, पण ते मुख्यतः लंडन–न्यूयॉर्क या एकाच पेठेत होते. सिंगापूरचा मार्ग चालवून पाहिला गेला, पण मलेशियाने मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या ध्वनिस्फोटाला (ध्वनीपेक्षा वेगवान विमानामागे खाली ऐकू येणाऱ्या धडाक्याला) हरकत घेतली, भारताने आपल्या आकाशात स्वनातीत वेगाला परवानगी दिली नाही आणि 1980 मध्ये तो बंद झाला. मुंबई–लंडन मार्गाखाली किती जमीन आहे हे नकाशावर पाहा, म्हणजे आपल्याकडच्या शक्यतेचा अंदाज येईल.

याहून अवघड अडचण पल्ल्याची आहे. वेग खरोखर हवाहवासा वाटतो तो सिंगापूर–न्यूयॉर्कसारख्या अठरा तासांच्या प्रवासात, पण ध्वनिवेग ओलांडला की हवेचा विरोध असा वाढतो की उत्थापन (विमानाला उचलून धरणारा जोर) आणि अवरोध (हवेचा विरोध) यांचे गुणोत्तर निम्म्याहून खाली येते. 747 चे सतराच्या आसपास, तर कॉन्कॉर्डचे मॅक 2 ला सातच्या थोडे वर. परिणामी त्याच इंधनात विमान कमी अंतर जाते. बूम या अमेरिकी कंपनीच्या नियोजित ओव्हर्चर विमानाचा वेग मॅक 1.7, आसने 60 ते 80 आणि पल्ला सुमारे 7,870 किलोमीटर सांगितला जातो. टोकियो–लॉस एंजेलिस त्याहून लांब आहे. वाटेत उतरून इंधन भरावे, तर वाचवलेल्या वेळेतले दीड-दोन तास तिथेच सांडतात. जिथे पल्ला पुरतो त्या सहा-सात तासांच्या मार्गांवर स्पर्धा आहे बिछान्याशी, कारण रात्री विमानात आडवे झोपून सकाळी कामाला लागणाऱ्या माणसाला आपला वेळ गेला असे वाटतच नाही.

उष्णतेबद्दल मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण तिथे माझा हात पोळला आहे. आमच्या कारखान्यात एकदा टायटॅनियमच्या दांड्यांचे काम आले. मी ते पोलादाच्या सवयीने, जरा जास्तच वेगाने लावले. टायटॅनियममधून उष्णता लवकर वाहून जात नाही. पोलाद कातताना ती बरीचशी चिप्सबरोबर निघून जाते, इथे ती टूलच्या धारेपाशीच साठते. काही मिनिटांत इन्सर्टची, म्हणजे टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार जळाली, जॉबच्या पृष्ठभागावर निळसर झाक आली आणि सगळा लॉट गिऱ्हाइकाने परत केला. चूक माझीच होती. विमानाच्या नाकाचेही असेच असते. कॉन्कॉर्डचे नाक सुमारे 127 अंशांपर्यंत तापे आणि सबंध विमान उड्डाणात काही सेंटिमीटर लांब होई. ॲल्युमिनियमने तेवढे सोसले. मॅक 5 ला, बाहेरची हवा उणे 56 अंशांची असूनही, समोर अडलेली हवा हजार अंशांच्या आसपास जाते. तिथे ॲल्युमिनियम नाही, टायटॅनियमही पुरत नाही, आणि निकेलच्या मिश्रधातूंचा, सिरॅमिकचा, इंधनानेच कातडी थंड ठेवण्याचा प्रदेश सुरू होतो.

आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने 7 सप्टेंबर 2020 ला स्क्रॅमजेट (आत स्वनातीत वेगाने वाहणाऱ्या हवेत इंधन जाळणारे इंजिन) वाहनाची चाचणी घेतली आणि एप्रिल 2025 मध्ये हैदराबादला लहान आकाराचा दहनकक्ष जमिनीवर हजार सेकंदांहून अधिक चालवला. ही मोठी कामगिरी आहे आणि तिचे मला कौतुक आहे. पण क्षेपणास्त्राचे इंजिन एकदाच चालायचे असते, तर प्रवासी विमानाच्या इंजिनाने हजारो तास चालून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तयार असावे लागते. दर काढताना हा फरक वाढत वाढत जातो आणि शेवटी सगळे गिळून टाकतो. म्हणून तिकीट काढून बसता येईल असे हायपरसॉनिक विमान माझ्या हयातीत तर नाहीच, तुझ्या नोकरीच्या काळातही मला दिसत नाही. मॅक 1.7 च्या आसपासचे, समुद्रावरून जाणारे, थोड्या मार्गांचे विमान मात्र मी अशक्य म्हणणार नाही. बूमच्या एक्सबी-1 या चाचणी विमानाने 28 जानेवारी 2025 ला ध्वनिवेग ओलांडला, नासाचे कमी आवाजाचे एक्स-59 त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उडाले, आणि अमेरिकेने जमिनीवरून जाणाऱ्या स्वनातीत उड्डाणांवर 1973 पासून घातलेली बंदी उठवण्याचा आदेश जून 2025 मध्ये निघाला.

तुला विचारणा करणाऱ्या कंपनीच्या कागदांत विमानांच्या मागण्यांचे मोठे आकडे असतील. आपल्याकडे तासगावच्या द्राक्षबागेत व्यापारी इसार देऊन जातो आणि भाव पडला की फिरकत नाही, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. कॉन्कॉर्डसाठीही सत्तरहून अधिक विमानांची बोलणी झाली होती, त्यांत आपल्या एअर इंडियाची दोन होती. स्वनातीत खासगी जेट बनवू पाहणाऱ्या अमेरिकेच्या एरियनकडे अब्जावधी डॉलरच्या मागण्या असताना ती कंपनी मे 2021 मध्ये बंद पडली, आणि 1989 पासून अतिवेगवान इंजिनांवर काम करणारी ब्रिटनची रिॲक्शन इंजिन्स 2024 मध्ये. म्हणून तिथे दोनच गोष्टी विचार: इंजिन कोण बनवणार आणि ते प्रमाणित होईपर्यंतचा खर्च कोण उचलणार. इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइसने सप्टेंबर 2022 मध्ये बूमची साथ सोडल्यावर त्यांना स्वतःचे इंजिन हाती घ्यावे लागले, आणि 2025 च्या अखेरीस त्यांनी त्याच तंत्रावरचे, डेटा सेंटरला वीज पुरवणारे टर्बाइन विकायला काढले. काहींनी यावर हसून घेतले. मला ते शहाणपणाचे वाटले, कारण आज पैसे देणारे गिऱ्हाईक जमिनीवर उभे आहे.

माझा सल्ला असा की शिक्षणाला जरूर जा, नोकरीला आताच हो म्हणू नकोस. प्रबंधाचा विषय निवडताना हवेचा अंतर्प्रवेश (इंजिनात हवा घेण्याची वाट), उच्च तापमानाचे धातू किंवा उष्णतेचे व्यवस्थापन यांपैकी काही घे. विमान आले नाही, तरी वीजनिर्मितीच्या टर्बाइनला आणि संरक्षण प्रकल्पांना ती माणसे लागतातच. आणि निघण्यापूर्वी लंडन–न्यूयॉर्क, टोकियो–लॉस एंजेलिस आणि मुंबई–लंडन या तीन मार्गांचा दर आसनामागे काढून मला पाठव: इंधन, भांडवलाचा हप्ता, देखभाल आणि वर्षाला विमान प्रत्यक्ष किती तास उडेल तो आकडा. शेवटच्या आकड्यात तू नक्की उदार होशील. अनेक विमानतळ रात्री बंद असतात आणि न्यूयॉर्कहून सकाळी निघालेल्या माणसाचा दिवस घड्याळातल्या फरकातच जातो, हे धरून तो आकडा पुन्हा काढ. त्या परत आलेल्या लॉटमधला एक निळसर तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. घरी आलीस की तो घेऊन जा.

तुझा,
काका