बुलेटच्या टायमिंग कव्हरचं पॅकिंग: तेलाचं भोक आधी बघा

निपाणीचे दादा, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटच्या टायमिंग कव्हरमधून (टायमिंग गिअरवरच्या झाकणातून) तेल गळतंय, झाकणाखाली बसणारं तयार पॅकिंग मिळेना, म्हणून घरीच पेपर कापून बसवू का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि माझीच गाडी डोळ्यांसमोर आली. जरूर कापा. कापायचं कसं ते तुम्हाला जमेलच, ते सोडतो. माझं नुकसान कुठं झालं तेवढं सांगतो.

2016 चा पावसाळा. बेळगावातल्या एका दुकानात गेलो तर म्हणे सुटं पॅकिंग देत नाही, पूर्ण सेट घ्या, तोही मागवावा लागेल. तीन आठवडे हेलपाटे घातले. "उद्या या" याच्यापुढं गाडी सरकेना. शेवटी पॅकिंग पेपर आणला, कव्हरच्या कडेला ग्रीस लावून छाप घेतला आणि कापला. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे झाले होते, ते मी आधीच फेकून दिले होते. खरी चूक ती.

कव्हरच्या फेसवर तेल जायचं एक बारीक भोक असतं. माझ्या कव्हरवर त्या भोकाच्या तोंडाशी जुना शेलॅक (पॅकिंग चिकटवायचा लाखेचा गोंद) वाळून दगड झाला होता. त्यामुळं छापात पूर्ण गोल उमटलाच नाही, नखाएवढी चंद्रकोर उमटली. मी तेवढ्यावरच बारीक पंच मारला. म्हणजे निम्मं भोक कागदानं झाकलेलं.

गाडी चालू केली, गळती बंद. वर रॉकरपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपाशी, तेल येतंय हे बघून मी निश्चिंत झालो. पण या गाडीत रॉकरला तेल परतीच्या पंपाकडून मिळतं. खाली बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, तेल देणारा पंप वेगळा. वर तेल दिसलं म्हणजे खाली पोचलं असं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चोर्ला घाटात चढावर खालून ठकठक सुरू झाली आणि दोन किलोमीटरवर इंजिन जाम. क्रँक उघडावा लागला, नवा रॉड, नवा बुश. पाच रुपयांच्या कागदानं दोन महिन्यांची शिल्लक खाल्ली.

म्हणून सांगतो, जुन्या पॅकिंगचे तुकडे जपून ठेवा, सगळे जुळवून वहीवर चिकटवा. कव्हर रॉकेलनं धुवा, प्रत्येक भोकात तार घालून आरपार जाते का बघा, मगच छाप घ्या. तेलाचं भोक मूळ भोकापेक्षा किंचित मोठंच ठेवा. बेअरिंगचा छर्रा भोकावर ठेवून हलका ठोका दिला की कागद गोल कापला जातो. कव्हरच्या कडेवर हातोडी मात्र मारू नका, ॲल्युमिनियम आहे, कड दबली की कुठलंही पॅकिंग टिकत नाही.

जाड कागद म्हणजे मजबूत, असं माझ्या ओळखीचे दोघे अजून मानतात. माझ्या मते या कव्हरला ते साफ चूक. आत क्रँकच्या टोकाशी कॉर्कची सील असते, ती कव्हरनं दाबली जाते. कव्हर जाड कागदावर उचललं गेलं की दाब कमी आणि तेल बिग एंडला जायच्या आधीच निसटतं. मी 0.5 मिमीच्या वर जात नाही. कॉर्क जुना असेल तर तोही बदला. सिलिकॉनची पेस्ट थापू नका. जास्तीचं आत फुगतं, तुटतं आणि त्याच भोकात जाऊन बसतं.

जुनं करडं पॅकिंग कोरडं घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून खरवडा. आणि सिलिंडर हेडला कागद चालत नाही, तिथं घरगुती प्रयोग नको.

मी मेकॅनिक नाही, हे एकाच गाडीवरून शिकलेलं आहे. नव्या इंजिनांची रचना वेगळी, त्यांना हे लावू नका.

कव्हर बसवल्यावर फिल्टरच्या खोलगटात तेल भरा, मगच किक मारा. आणि कव्हर बसवण्याच्या आधी, कापलेलं पॅकिंग कव्हरवर ठेवून फोटो टाका. भोक नीट जुळलंय का ते मी बघून सांगतो.