वाचकांचे प्रश्न : नदी कॉपरमाइन, गाव कुग्लुक्तुक

प्रश्न : कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर कॉपरमाइन नदी समुद्राला मिळते, तिथे जुन्या अ‍ॅटलासमध्ये ‘कॉपरमाइन’ गाव दिसते आणि नव्यात ‘कुग्लुक्तुक’. ही गावे दोन की एकच?

उत्तर : एकच. १ जानेवारी १९९६ पासून गावाने तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इन्युइटांच्या बोलीतले नाव घेतले. त्याचा अर्थ ‘वाहत्या पाण्याची जागा’. नदी मात्र अधिकृतपणे कॉपरमाइनच राहिली. शिवाय १९९९ मध्ये कॅनडाच्या वायव्य प्रदेशातून (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) नुनावुत हा नवा प्रदेश वेगळा झाला. त्यामुळे मुख नुनावुतमध्ये, तर उगमाचे लॅक द ग्रा सरोवर वायव्य प्रदेशात. ८४५ किमीची अख्खी नदी पाहायची तर नकाशाची दोन पाने उघडावी लागतात.

प्रश्न : अठराव्या शतकातल्या नकाशात तिचे मुख इतके वर का दाखवले आहे?

उत्तर : ती जागा सॅम्युअल हर्नच्या आकड्यावरून ठरली. हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीचा हा माणूस मातोनाबी या चिपेवायन जमातीच्या वाटाड्याबरोबर जुलै १७७१ मध्ये पायी तिथे पोहोचला. मुखाचा अक्षांश त्याने ७१°५४′ दिला. खरा आहे सुमारे ६७°४९′. अंशाला १११ किमी धरले तर चूक साडेचारशे किमीची! मुखाशी दाट धुके आणि भुरभुर पाऊस होता. ही नदी जहाजांच्या कामाची नाही हे कळल्यावर आकाश निवळायची वाट न बघता तो परतला. अक्षांशासाठी सूर्याची उंची मोजलीच नाही. मागच्या मोजणीत चाललेले अंतर मिळवून आकडा काढला, आणि अशा बेरजेत वळणावळणाची वाट सरळ रेषेपेक्षा लांबच भरते. १८२१ मध्ये जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेने मुख जागेवर आणले.

प्रश्न : तिथे तांब्याची खाण आहे का?

उत्तर : नाव फसवे आहे. खाण नव्हती. शुद्ध तांब्याचे गोळे जमिनीवरच सापडत आणि डेने लोक (चिपेवायन याच समूहातले) ते ठोकून सुऱ्या, हत्यारे करत. हर्न आणि सोबत्यांनी मुखापासून पन्नासेक किमीवरच्या टेकड्या चार तास धुंडाळल्या. नाव घेण्याजोगा गोळा मिळाला एकच, जेमतेम दोन किलोचा.

मुखापासून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे १५ किमीवर ‘ब्लडी फॉल्स’ (रक्ताळ धबधबा) आहे. हर्नच्याच सोबत्यांनी तिथे झोपलेल्या इन्युइटांची कत्तल केली, त्यावरून त्याने हे नाव ठेवले. इन्युइट त्या जागेला कुग्लुक म्हणतात. तिथल्या उद्यानाच्या नावात आता दोन्ही आहेत, कुग्लुक आधी.